टोनीपँडीचे टकर

आडनावाचं कुलचिन्ह विकत घेऊन आलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे अधूनमधून येतंच. समुद्रकिनाऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत ही चिन्हं मिळतात, चहाच्या मगावर, किल्लीच्या जुडग्याला नाहीतर फ्रेममध्ये. वर ढाल आणि सिंह, खाली चार ओळींत तुमच्या आडनावाचा ‘इतिहास’. मी कार्डिफमधल्या एका रेकॉर्ड ऑफिसात वाचनकक्ष सांभाळते. अशा माणसाला पहिल्याच दमात नाउमेद करायचं नाही, हा माझा रिवाज. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, हे सांगायला नंतर वेळ असतो.

त्या दिवशी आलेले आजोबा ऐंशी पार केलेले. सोबत मुलगी. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. पेन, कोट, पाण्याची बाटली बाहेर लॉकरमध्ये ठेवायला त्यांनी कुरकुर केली नाही. फ्रेम मात्र ठेवेनात. शेवटी ती माझ्या टेबलावर उताणी ठेवली आणि बोलायला बसलो.

आडनाव टकर. जन्म टोनीपँडीचा. हे गाव ऱ्होंडा खोऱ्यात, दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या पट्ट्यात. १९१० साली खाणकामगारांच्या संपात इथे दंगल झाली म्हणून ब्रिटनभर माहीत झालेलं. आजोबांचा हिशेब सरळ होता. वेल्श भाषेत ‘पँडी’ म्हणजे लोकरीचं कापड तुडवायची पाणगिरणी, आणि ‘टकर’ म्हणजे ते काम करणारा माणूस. गाव गिरणीचं, आडनाव गिरणीवाल्याचं, म्हणजे गिरणी आमचीच. “फक्त कागद सापडत नाही,” ते म्हणाले. नातवंडांसाठी हे सगळं लिहून काढायचं होतं.

दोन्ही अर्थ अगदी बरोबर होते. त्यांची बेरीज मात्र मला पटत नव्हती.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड अंगात घालण्याच्या लायकीचं नसतं. लोकरीचा मूळचा मेणचट चिकटा त्यात तसाच असतो, वीण विरविरीत असते, बोट लावलं तरी धागे सरकतात. ते पाण्यात भिजवून, त्यात एक खास माती आणि साठवलेली शिळी लघवी घालून तासन्‌तास तुडवावं लागे. लघवीतला अमोनिया चिकटा काढायचा, मातीही तो शोषून घ्यायची, आणि तुडवता तुडवता तंतू एकमेकांत गुंतून कापड आटायचं, घट्ट व्हायचं. ती माती म्हणजे आपण मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला फासतो त्याच जातीची. बाराव्या शतकापासून इंग्लंडात पायांच्या जागी पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे येऊ लागले. उखळात मुसळ पडावं तसे ते आळीपाळीने कापडावर पडत. मग ओलं कापड लांबलचक लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवायचं. माझ्या आजोळी घोंगडीला चिंचोक्याची खळ लावताना मी पाहिलं आहे, पण लघवीचा भाग वाचला तेव्हा त्या काळच्या गिरणीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांची दया आली.

हे काम लोकर विणणाऱ्या सगळ्याच भागांत होतं, त्यामुळे ते करणाऱ्याला प्रत्येक भागाने आपापल्या बोलीत नाव दिलं. इंग्लंडच्या आग्नेयेला आणि ईस्ट अँग्लियात तो फुलर. उत्तरेला आणि मिडलँड्समध्ये वॉकर, कारण तो कापडावर चालायचा. आणि नैर्ऋत्येला, म्हणजे डेव्हन, सॉमरसेट या भागात, तो टकर. यामागचं जुनं इंग्रजी क्रियापद छळणे, हाल करणे अशा अर्थाचं आहे. कापडाचं काय होत असे ते पाहिलं तर नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. विणकराचंही असंच आहे. वेबस्टर उत्तरेचा, वेबर डेव्हनकडचा. वेल्समध्ये मात्र कापड तुडवणारा ‘पॅन्नुर’. टोनीपँडीच्या मूळ गिरणीवाल्याला शेजाऱ्यांनी टकर म्हणण्याचं काही कारणच नव्हतं.

हे मी तोंडी सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. म्हणून नकाशे काढले.

आडनावांच्या नकाशांसाठी आम्ही शक्यतो १८८१ ची जनगणना धरतो. ती पूर्ण उतरवून झालेली आहे, आणि त्या वेळी आडनावं आपापल्या मुलखात बरीचशी टिकून होती. हेन्री गप्पी नावाच्या डॉक्टरने १८९० मध्ये आडनावांची घरं शोधताना याहून चतुर युक्ती केली होती. त्याने व्यापारी निर्देशिकांमधून फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली, कारण जमिनीला धरून बसलेला माणूस सगळ्यात कमी हलतो. मला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडे कुणी असं केलं तर बघायला मजा येईल.

पहिला नकाशा नुसत्या संख्येचा होता. त्यात लंडन गडद.

“म्हणजे आम्ही लंडनचे?” मुलगी म्हणाली.

लंडनमध्ये सगळंच जास्त असतं. कुठल्याही सर्रास आढळणाऱ्या आडनावाचा नकाशा असा काढला की राजधानी काळी दिसते, आणि इंटरनेटवरचे अर्धे नकाशे लोकांना असेच फसवतात. दुसरा नकाशा लोकसंख्येच्या प्रमाणातला. त्यात लंडन फिकं पडलं आणि ठसठशीत डाग उरला तो डेव्हनवर. त्याच पद्धतीने फुलर आणि वॉकर काढून दाखवले. तिन्ही कागद शेजारी ठेवले की इंग्लंडची एका धंद्यापुरती वाटणी झालेली दिसते. आजचे आकडे घेतले तर कडा पुसट होतात, लोक नोकरीसाठी कुठून कुठे जातात, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तर टकर सगळीकडे आहेत. पण डेव्हन आजही उठून दिसतं.

आजोबा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग ब्रिस्टल खाडीवर बोट ठेवून म्हणाले, “हे तर इथून समोरच आहे.”

तेच तर. हवा स्वच्छ असली की आमच्या बाजूच्या किनाऱ्यावरून पलीकडची जमीन दिसते. १८५१ मध्ये ऱ्होंडा खोऱ्यात जेमतेम हजारभर माणसं होती, १९११ पर्यंत दीड लाखाच्या वर गेली. कोळशाने ओढलेली ही माणसं वेल्सच्या खेड्यांतून आली तशीच खाडीपलीकडूनही आली. आता कागद कुठे शोधायचा ते ठरलं.

१९११ ची जनगणना माझी सगळ्यात आवडती, कारण त्यात घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला कागद जपून ठेवला आहे. टोनीपँडीत टकर होतेच. आजोबांनी आपल्या आजोबांचं नाव आणि साधारण वय सांगितलं, आणि स्क्रीनवर तो कागद आला. कर्ता माणूस म्हणजे आजोबांचे पणजोबा. वय ५६, कोळसा फोडणारा, जन्म तॅव्हिस्टॉक, डेव्हन. अक्षर जड हाताचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी शाईचा ठिपका. लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, हयात किती, गेली किती, असे रकाने त्या वर्षी होते. मुलांच्या रकान्यांत त्यांनी लिहिलं होतं: दहा, सात, तीन.

वेल्समधल्या कागदावर आणखी एक रकाना असायचा, भाषेचा. इंग्रजी, वेल्श की दोन्ही. नवरा-बायकोपुढे ‘इंग्रजी’. मुलांपुढे ‘दोन्ही’. सगळ्यात मोठा मुलगा, वय ३१, जन्म तॅव्हिस्टॉक, तोही ‘दोन्ही’. हेच आजोबांचे आजोबा.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आमच्या घरात कधीच कुणाला वेल्श येत नव्हतं, असं मी जन्मभर सांगत आलोय.”

घरात नसेलही बोलत. गल्लीत आणि खाणीत बोलत असणार. त्यांना स्वतःला चार शब्दांपलीकडे येत नव्हतं.

पुढचं काम भराभर झालं. १८८१ मध्ये हेच कुटुंब तॅव्हिस्टॉकला, मोठा मुलगा दीड-दोन वर्षांचा, बाप तांब्याच्या खाणीत. त्या भागात १८४४ मध्ये तांब्याचा मोठा साठा सापडला होता आणि डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स ही खाण एका काळी नावाजलेली होती, पण १८८० च्या सुमारास तांब्याचे भाव पडून सगळं उतरणीला लागलं. खाणकाम येणाऱ्या माणसाने दुसरी खाण शोधली. १८९१ मध्ये ते ऱ्होंडात आहेत. मागे गेलं तर १८५१ मध्ये पणजोबांचा बाप शेतमजूर. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत बापाचा धंदा लिहिणं सक्तीचं झालं, तिथेही मजूर. त्याआधीच्या नोंदींत नुसती नावं. अठराव्या शतकात मध्यावर कुठेतरी धागा सुटला. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे दोन टकर, आणि कुठला आपला ते सांगायला मृत्युपत्र हवं. डेव्हनची मृत्युपत्रं एक्झेटरला ठेवलेली होती. मे १९४२ मधल्या बॉम्बहल्ल्यात ती जवळजवळ सगळी जळाली.

“म्हणजे कापडाचं काम करणारा एकही नाही?”

एकही नाही. आणि असण्याची फारशी अपेक्षाही नव्हती. इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती साधारण १४०० च्या आत. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांमध्ये काही माणसांचा धंदा आणि आडनाव जुळतं, काहींचं तेव्हाच जुळेनासं झालेलं दिसतं. म्हणजे टकर नावाचा पहिला माणूस कधीतरी सहा-सातशे वर्षांपूर्वी डेव्हनच्या एखाद्या ओढ्याकाठी कापड तुडवत होता, एवढं धरून चालता येतं. त्याच्या पोरानेही तेच केलं असेल असं नाही.

मुलीने विचारलं, मग सगळे टकर एकमेकांचे नातेवाईक का? तर तेही नाही. प्रत्येक खोऱ्यात वेगळा माणूस तेच काम करत होता. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी एकाच आडनावाच्या पुरुषांचे वाय-गुणसूत्र, जे आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं, ताडून पाहिले होते. दुर्मिळ आडनावांत बरेच जण एकाच मूळ पुरुषाचे निघाले. स्मिथांमध्ये मात्र दोघा परक्यांत जेवढं साम्य तेवढंच. टकर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येणार.

आजोबांचा चेहरा पडला होता, म्हणून मी त्यांना एक्झेटरच्या टकर्स हॉलचं चित्र दाखवलं. विणकर, तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाची १४७१ मधली ही वास्तू फोर स्ट्रीटवर अजून उभी आहे आणि संघही अजून आहे. सिलिया फाइन्स ही प्रवासी बाई १६९८ मध्ये तिथे गेली होती. सगळं शहर आणि भोवतालचा मुलूख सर्ज नावाच्या कापडात गुंतलेला तिने पाहिला, लघवीत भिजवण्यापासूनचे सगळे टप्पे लिहून ठेवले. हे ऐकून आजोबा पहिल्यांदा खळखळून हसले. “फ्रेमवर हे लिहिलेलं नाही,” म्हणाले.

मग त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, तुमचे पूर्वज काय करायचे? मी कुलकर्णी. गावचं दप्तर आणि हिशेब लिहिणं हे वतन होतं, १९५० च्या कायद्याने ते गेलं, आमच्या घरात तर त्याच्या कितीतरी आधीपासून कुणी दप्तराला हात लावलेला नव्हता. “पण तुम्ही तर दप्तरातच बसला आहात,” ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जायच्या आधी त्यांनी खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. आता आईकडची बाजू बघायची. आईचं माहेरचं आडनाव जोन्स. तिच्या वडिलांचं नाव डेव्हिड. ऱ्होंडा.

आमच्या खात्यात यापेक्षा अवघड चिठ्ठी नाही. वेल्समध्ये बापाचं नाव हेच मुलाचं दुसरं नाव असायचं, आणि तीच मोजकी नावं पुढे आडनावं म्हणून गोठली. एकाच रस्त्यावर पाच डेव्हिड जोन्स सहज निघतात. शेजाऱ्यांनी त्यावर उपाय काढला होता. दूधवाला तो ‘जोन्स द मिल्क’. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी घराचा पत्ता, कुठल्या चॅपलला जायचे त्याचं नाव, आणि लोक त्यांना काय म्हणून हाक मारायचे ते आठवून या.

आजोबांना विचार करावा लागलाच नाही. त्यांचे ते आजोबा खाणीच्या दिवेखोलीत कामाला होते, शिफ्टला प्रत्येकाचा दिवा भरून द्यायचे.

“डाय लॅम्प्स,” ते म्हणाले. “माझ्या आईलासुद्धा दुकानात ‘लॅम्प्सची पोरगी’ म्हणायचे.”

डाय म्हणजे डेव्हिडच. मी ते अर्जाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतलं. खाणीच्या रजिस्टरांमध्ये दिवेखोलीचं पान वेगळं निघालं, तर तिथे पाचांतला हा डेव्हिड जोन्स सापडण्याची शक्यता बरी आहे.