नुसतं ऐकायला दोन वर्षं?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुमच्याआधी मावसभावाने विचारलं, त्याच्याआधी शेजारच्या काकांनी. "माणसांचं ऐकायचंच ना? त्याला समुपदेशनाचं दोन वर्षांचं एम.ए. कशाला?" दरवेळी हसून सोडून दिलं.

खरं तर मलाही तसंच वाटायचं. प्रवेशाच्या मुलाखतीत मी ऐटीत सांगितलं होतं, "लोक माझ्याजवळ आपणहून मन मोकळं करतात." जणू निम्मी पदवी घरूनच आणली होती. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ साली मांडलेल्या, समुपदेशनाचा उपयोग होण्यासाठीच्या अटी पाठ केल्या, मार्कही मिळाले.

मग फिल्डवर्क. समोर कोण होतं, वय काय, काम काय, यातलं काही सांगणार नाही. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घ्यायची होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आठ नीट विचारले. नववा मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे माझ्या तोंडून आलं, "असलं काही मनात येत नाही ना?"

"नाही."

मी शून्यावर खूण केली. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

रात्री प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायला बसले. एका बाजूला झालेला संवाद शब्दशः, दुसऱ्या बाजूला तेव्हा आपल्याला काय वाटलं ते. नवव्या प्रश्नापाशी मी माझं वाक्य गाळलं आणि फॉर्मवरचं छापील वाक्य उतरवलं. सुपरव्हिजनला, म्हणजे केलेलं काम तपासून घ्यायच्या भेटीत, मॅडमनी कागद दोनदा वाचला. "बाकी सगळीकडे तू तुझ्यासारखी बोलतेस. इथेच छापील कशी बोललीस?"

आधी मी अडून बसले. मग सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. "का विचारवलं नाही?"

"हो म्हणाली असती तर पुढे काय करायचं, ते कळलं नसतं."

उघड विचारल्याने कुणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार शिरत नाही, हे माझ्या वहीत दोनदा अधोरेखित होतं. त्याच दिवशी मॅडमनी फोन करून तो प्रश्न सरळ विचारला. उत्तर काय आलं ते तुम्हाला कळणार नाही. ते तिचं आहे.

आता मावसभावाचा हुकमी एक्का: झिंबाब्वेतल्या आजीबाई. मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमात बाकावर बसून त्या पदवीशिवाय लोकांचं ऐकतात, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोकांची लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली. मान्य. पण त्यांनाही आधी शिकवलं गेलं, आणि त्यांच्या पाठीशीही कुणीतरी असतं. एवढं बोलून मी गप्प होते, कारण त्यांना थोड्याच काळात जमलं ते मला दोन वर्षांत जमलं का, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

परवा आईला फोनवर म्हटलं, "बरी आहेस ना?" ती "हो" म्हणाली. मी फोन ठेवला.