शिवरात्रीची रताळी आणि आमची कोल्ड रूम

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनचं किचन बघते. बघते म्हणजे मेनू ठरवणं, खरेदी आणि काही बिघडलं की बोलणी खाणं. हे सांगतेय ते 2024 च्या महाशिवरात्रीचं. त्या वर्षी शिवरात्र 8 मार्चला आली होती, म्हणजे महिला दिन आणि उपवास एकाच दिवशी आणि वर शुक्रवार. एचआरवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की महिलांसाठी कपकेक पाहिजेत, गुलाबी आयसिंगचे. मी म्हटलं अहो निम्म्या बायकांचा उपवास असणार, अंड्याचा कपकेक कोण खाणार? तर म्हणे फोटोला तर लागतील ना.

असो. उपवासाच्या थाळीचं बुकिंग 240 वर गेलं होतं. साबुदाणा खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर हे ठरलेलंच. पण दर वर्षी तीच तळलेली बटाट्याची भाजी आणि वेफर्स बघून मलाच कंटाळा आलेला, म्हणून या वेळी बाजूला भाजलेलं रताळं द्यायचं डोक्यात घेतलं. उकडलेलं नाही, भाजलेलं. लहानपणी आजी चुलीच्या फुफाट्यात रताळी पुरून ठेवायची आणि दीड-दोन तासांनी काढायची, साल काळी आणि आत नुसता मध, ती चव उकडलेल्याला येतच नाही. त्याला कारण आहे. रताळं हळूहळू तापत साधारण 60 ते 75 डिग्रीच्या मधून जातं तेव्हा आतल्या पिठाची साखर होत असते, तिथे जितका वेळ घालवाल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये ते पाच मिनिटांत त्या टप्प्याच्या पलीकडे जातं म्हणून भप्प लागतं.

मग आदल्या आठवड्यात गल्लीतल्या भाजीवाल्याकडून पाच किलो आणून ट्रायल घेतली. एकदम सोपं काम आहे, घरीही करून बघा. रताळी ब्रशने घासून धुवायची, साल अजिबात काढायची नाही, बोटाएवढ्या जाड लांब फोडी करायच्या (कापताना पांढरा चीक येतो, हात काळे-चिकट होतात, आधी तुपाचं बोट फिरवून घ्या), मग पातळ तूप, सैंधव, जिरेपूड आणि थोडं लाल तिखट चोळायचं. ट्रेमध्ये एकावर एक रचायच्या नाहीत, नाहीतर त्या वाफेत उकडतात आणि भाजण्याचा मुद्दाच जातो. आधी 150 वर वीस मिनिटं, मग 200 वर वीस, मध्ये एकदा उलटायच्या. बाहेर आल्या आल्या लिंबू आणि दाण्याचं कूट, बाजूला घट्ट दही. आपली लाल सालीची रताळी आत पांढरी असतात, परदेशी व्हिडिओत दिसतात त्या केशरी रताळ्यांपेक्षा कोरडी, त्यामुळे तुपात कंजूषपणा केला तर घशात बसतात. ट्रायलचा ट्रे किचनमध्येच दहा मिनिटांत साफ झाला. मी खूश.

आणि इथे मी शहाणपणा केला. शिवरात्रीच्या आधी रताळ्याचा भाव चढतो हे सगळ्यांना माहितीये, म्हणून शनिवारीच 45 किलो मागवून टाकली, पंधरा-पंधराचे तीन क्रेट. छान टणक, लालचुटुक माल होता. स्टोअरच्या पोराला म्हटलं नीट ठेव रे, शुक्रवारपर्यंत खराब नाही झाली पाहिजेत. त्याने बिचाऱ्याने नीट म्हणजे काय तर कोल्ड रूममध्ये ठेवली.

शुक्रवारी सकाळची पहिली लढाई ओव्हनवरून. आमच्याकडे कॉम्बी ओव्हन (गरम हवा आणि वाफ दोन्हीवर चालणारा) एकच, दहा ट्रेचा. बेकरीवाल्या शेफला मी कपकेक आदल्या रात्रीच काढायला लावले होते आणि त्यानंतर ओव्हनचं वॉशिंग सायकल लावलं होतं, कारण मागच्या एकादशीला एका काकांनी काउंटरवर येऊन विचारलं होतं की यात काल पाव भाजला होता का. शेफ त्यावरून धुसफुसत होता. म्हणे मॅडम, रताळं, बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, तुमचं सगळं उपवासाचं सामान अमेरिका खंडातून आलंय, ते चालतं आणि माझ्या ओव्हनमध्ये अंडं फिरलेलं चालत नाही? मुद्दा बरोबर होता त्याचा, पण सकाळी साडेआठला मला नको होता.

दहाला ओव्हन भरला, दहा चाळीसला पहिला ट्रे बाहेर. काय रंग आला होता म्हणून सांगू! कडा खरपूस, वर तूप चकाकतंय, मी फोटो पण काढला. मग एक फोड तोंडात टाकली आणि दाताला काहीतरी टक्कन लागलं. बाहेरून मऊ आणि मधोमध कच्च्या सुरणासारखं कडक. म्हटलं जाड कापली असेल. दुसरी घेतली, तेच. अजून दहा मिनिटं लावली, बाहेरून करपायला लागली पण मधला गाभा तसाच. मग स्टीम लावून बघितली, तरी तसाच! अकरा वाजले, साडेबाराला काउंटर उघडणार, आणि मी ओव्हनच्या टेंपरेचर प्रोबवर संशय घेऊन मेंटेनन्सला फोन लावत होते.

आमच्याकडे भाजी कापायला एक मावशी आहेत, मूळच्या करमाळ्याकडच्या, आता इथे हिंजवडीजवळच्या माण गावात राहतात. त्या शांतपणे आल्या, एक फोड बोटांनी मोडली, मधला भाग नखाने दाबला आणि म्हणाल्या, "ताई, फ्रीजात ठिवली व्हती का ही?"

मी म्हटलं कोल्ड रूममध्ये होती, का?

"मग आता दिवसभर शिजवा, नाय व्हायची. रताळं थंडीत आखडतं. आमी घरात कोपऱ्यात पोत्याखाली ठिवायचो, म्हैनाभर राहायची."

मला खरंच माहीत नव्हतं, आणि मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय! नंतर वाचलं तर अगदी हेच. रताळं उष्ण प्रदेशातलं कंद, 12-13 डिग्रीच्या खाली काही दिवस राहिलं की आतून बिघडतं, बाहेरून पत्ता लागत नाही, आणि असं रताळं शिजवलं तरी गाभा कडकच राहतो. आमची कोल्ड रूम 4 डिग्रीवर असते. सहा दिवस. ट्रायलची रताळी त्याच दिवशी बाजारातून आणलेली, म्हणून तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

स्टोअरच्या पोराला बोलावलं तर तो आधीच रडकुंडीला आलेला. पण बोलता बोलता त्याने सांगितलं की मॅडम आत जागा नव्हती म्हणून एक क्रेट मी कांद्याशेजारी बाहेरच ठेवला होता, तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं न ऐकल्याचा एवढा आनंद झाला. ते पंधरा किलो लगेच कापायला घेतले आणि मावशींनी बाकीच्यांचं ठरवून टाकलं: कीस करा.

भाजलेल्या ट्रेंचं काही होण्यासारखं नव्हतं, ते बाजूला सारले. ओव्हनमध्ये न गेलेली कोल्ड रूमची बारा-तेरा किलो होती, ती व्हेजिटेबल कटरला बारीक किसणीची डिस्क लावून पाण्यात किसून घेतली, पिळली. दोन मोठ्या कढयांत तूप, जिरं, हिरवी मिरची, वर कीस, झाकण. दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं. एवढं बारीक किसल्यावर तो कडकपणा लपला, पूर्ण गेला नाही, दाताखाली थोडं कचकचत होतं, पण कीस म्हणून ते खपून गेलं. बारा वीसला बाहेरच्या क्रेटचे ट्रे निघाले, ती रताळी मात्र जशी पाहिजेत तशी, आतून लोण्यासारखी. भाजलेली शंभरेक ताटांना पुरली. बाकीच्यांना कीस. काउंटरवर पाटी लावली, "भाजलेलं रताळं किंवा कीस, उपलब्धतेनुसार," जसं काही आम्ही चॉइसच दिला होता.

गंमत म्हणजे कीस मिळालेल्या दोघी-तिघी नंतर विचारायला आल्या की हा कुरकुरीत कसा केला. मी म्हटलं सीक्रेट आहे.

कपकेक संध्याकाळपर्यंत तसेच होते, शेवटी नाइट शिफ्टच्या सिक्युरिटीवाल्यांनी नेले. आणि ती अर्धवट भाजलेली कडक रताळी मावशी पिशवीत भरून घेऊन गेल्या, घरी शेळी आहे म्हणून. सोमवारी विचारलं, खाल्ली का हो शेळीने? तर म्हणाल्या, "मधलं मधलं तेवढं ठिवलं तिनं."