मध्ये आलेलं क्रियाविशेषण खोडू नका

‘आफ्टर सक्सेसफुली कम्प्लीटिंग माय डिप्लोमा’. या वाक्यात खोडण्यासारखं काहीही नाही. तरी परवा शेजारची मुलगी कागद घेऊन आली, तेव्हा ‘सक्सेसफुली’भोवती लाल गोल होता. बडोद्यात हल्ली परदेशी शिकायला निघालेली पोरं घरटी सापडतात. कॉलेजला पाठवायचं निवेदन कुणी ना कुणी तपासून देतं, उरलेलं दांडिया बाजारात माझ्याकडे येतं. ‘‘मावशी, सर म्हणाले ‘आफ्टर’सारख्या प्रिपोझिशनला लागूनच आयएनजीचं क्रियापद हवं.’’ तिने तो शब्द उचलून पुढे ठेवला होता: ‘आफ्टर कम्प्लीटिंग सक्सेसफुली माय डिप्लोमा’. बरोबर वाक्य होतं, ते बिघडलं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवलं की कानाला खटकतं.

नियम एवढाच आहे की प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते आयएनजीच्या रूपात यावं. दोघांनी खेटून बसावं असं त्यात कुठेही नाही. पटत नसेल तर ‘सॉरी फॉर नॉट कॉलिंग’ आठवा. तो ‘नॉट’ नेमका त्याच जागी बसलाय आणि त्याला कुणी गोल करत नाही. ‘विदाउट इव्हन आस्किंग’, ‘इन्स्टेड ऑफ जस्ट सिटिंग देअर’ हेही रोजच्या बोलण्यातलंच.

हे चालतं कारण जेरंड, म्हणजे नामासारखं वापरलेलं आयएनजीचं रूप, बाहेरून नाम असलं तरी आतून क्रियापदच राहतं. आपल्याकडेही तसंच आहे. ‘तिचं भराभर पत्र वाचणं’ म्हणताना ‘तिचं’ नामाला लागतं, पण ‘भराभर’ क्रियापदाचं आणि ‘पत्र’ त्याचं कर्म. ‘वाचन’ म्हटलं की मात्र कर्म सुटतं, ‘पत्राचं’ म्हणावं लागतं. इंग्रजीत ‘ऑफ’ हीच खूण. ‘बाय केअरफुली रीडिंग द फॉर्म’, पण ‘बाय केअरफुल रीडिंग ऑफ द फॉर्म’. कर्म थेट आलं तर क्रियाविशेषण, ‘ऑफ’ आला तर विशेषण. मला ही परीक्षा फार आवडते. पोरांना एकदा दाखवली की ती स्वतःच वाक्यं ताडून बघायला लागतात.

मग शब्द आधी ठेवायचा की शेवटी? ‘इव्हन’, ‘जस्ट’, ‘अ‍ॅक्चुअली’, ‘फायनली’, ‘एव्हर’ ही मंडळी बहुधा आधीच शोभतात. काम कसं केलं ते सांगणारे शब्द शेवटीही छान बसतात: ‘बाय रीडिंग द फॉर्म केअरफुली’. पण कर्म लांबलचक असेल, डिप्लोमा कशातला, कुठून, कोणत्या साली असं सगळं मागे लागलेलं असेल, तर शेवटचा ‘सक्सेसफुली’ कुणाचा हेच कळेनासं होतं. तिच्या वाक्यात नेमकं हेच होतं, म्हणून मी तो पुन्हा ‘आफ्टर’च्या शेजारी नेऊन बसवला आणि गोलावर काट मारली.

‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘वेल’ यांना मात्र क्रियापदाच्या आधी आणू नका. ‘बाय वर्किंग हार्ड’ हेच बरोबर. क्रियाविशेषण हवं म्हणून पोरं ‘हार्ड’ला ‘एलवाय’ जोडतात आणि ‘बाय हार्डली वर्किंग’ लिहून मोकळी होतात. त्याचा अर्थ होतो, जेमतेमच काम करून.