तुम्ही विचारलंत म्हणून: नावाला सरळ प्रत्यय का लावत नाही?

सॉफ्टवेअरच्या मराठी मॅन्युअलमध्ये मी ‘फोटोशॉपमध्ये उघडा’ असं सरळ का लिहीत नाही, ‘फोटोशॉप सॉफ्टवेअरमध्ये’ कशाला? गिरगावातले प्रेसवाले विचारतात, दादरच्या क्लासमधली मुलं विचारतात. तर सांगतो.

हा हट्ट माझा नाही. नावाचं क्रियापद करू नका, अनेकवचन करू नका, षष्ठी लावू नका, पुढे ‘सॉफ्टवेअर’ लिहा, असं फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीची नियमावली सांगते. इतर कंपन्यांचंही साधारण तेच. इंग्रजीत ते निभतं. मराठी वाक्य विभक्तीशिवाय उभं राहत नाही.

एका कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं मराठी पुस्तक मी केलं होतं. लालबागला एका मसाल्याच्या दुकानात बसून, गल्ल्यावरच्या काकू बिल कसं करतात ते बघत लिहिलं. वकिलांकडून फाइल आली ती लाल होऊन. नावाला लागलेला प्रत्येक ‘चा’, प्रत्येक ‘मधून’ खोडलेला. ‘बॅकअप घ्या’च्या जागी ‘सदर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने बॅकअप घेण्यात यावा’. फोनवर खूप भांडलो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “सर, कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे.” तसंच छापलं. काकूंनी दोन पानं उलटली आणि पुस्तक मुलाकडे सरकवलं, “हे कोर्टातलं आहे, तूच वाच.” ते पुस्तक त्यांच्यासाठीच होतं. अजून लागतं मनाला.

कायदाच तसा आहे, असं मात्र म्हणू नका. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम ३० मालकाचा माल ओळखवण्यासाठी प्रामाणिकपणे नाव घ्यायला मुभा देतं. लोकांनी नाव सर्रास वापरलं एवढ्यानेच नोंदणी जात नाही, हे कलम ३६ मध्ये आहे. ती जायला त्या मालाच्या धंद्यातल्यांचा रुळलेला वापर सिद्ध व्हावा लागतो. फोर्टात गल्लोगल्ली ‘झेरॉक्स’च्या पाट्या आहेत, तरी २०१२ मध्ये बौद्धिक संपदेच्या अपील मंडळाने त्या ट्रेडमार्कची नोंदणी रद्द केली नाही. तेव्हा तुम्ही खुशाल प्रत्यय लावा. मला बांधतो तो करार.

पूर्वी मला हे सगळंच दांडगाई वाटायचं. २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाशी नावावरून वाद झाला आणि डेबियनने, म्हणजे एक मोफत लिनक्स प्रणाली बनवणाऱ्यांनी, आपल्याकडच्या फायरफॉक्सचं नाव ‘आइसवीझल’ केलं, ते २०१६ पर्यंत टिकलं. मी डेबियनच्या बाजूने तावातावाने बोलायचो. आज वाटतं, आतला कोड बदलून तेच नाव ठेवलं तर वापरणारा फसू शकतो, मोझिलाची काळजी खोटी नव्हती. पण ‘चा’ लावल्याने कोण फसतं?

हल्ली पहिल्यांदा पूर्ण नाव देतो, पुढे ‘त्यात’, ‘त्यातून’वर भागवतो. नव्या करारात एक ओळ मागितली आहे: मराठी मजकुरात नावाला विभक्ती चालेल. उत्तर आलेलं नाही.