झाडावर करवत हाती येईपर्यंत

झाडावर चढून काम करायचं म्हणून मी झाडं छाटणाऱ्या आणि पाडणाऱ्या या टोळीत आले आणि बरेच महिने मला एकही झाड चढू दिलं नाही. खाली उभं राहायचं, फांद्या ओढायच्या, दोर सांभाळायचे. या कामात शिरायचं कसं, असं आज कुणी विचारलं तर मी हाच क्रम सांगेन. खाली उभ्या असलेल्याला वरचं काय दिसतं, काय ऐकू येतं आणि काय अजिबात कळत नाही, हे ज्याने अनुभवलेलं नाही त्याने वर करवत चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिली शिकले ती हाळी. वरचा ‘खाली!’ म्हणतो आणि थांबतो. खालून ‘मोकळं!’ ऐकू आल्याशिवाय तो काप पुरा करत नाही. चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचा, आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो, सगळ्यांच्या कानांवर मफ असतात, त्यामुळे हल्ली हेल्मेटमध्येच बोलायची यंत्रं बसवलेली असतात. तरी हाताच्या खुणा आम्ही सोडलेल्या नाहीत, कारण बॅटरी कधीही संपते.

पाहणाऱ्याला वाटतं, धोका सगळा वर. पण जमिनीवर चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र, असतं, आणि मला त्याची भीती आजही वाटते. ती वाटायलाच हवी. फांदीचं जाड टोक आधी घालायचं, तेही समोर न येता बाजूला उभं राहून. रोलरने फांदी धरली की ती सोडून मागे सरायचं. आखूड तुकडे हाताने आत लोटायचे नाहीत. लांब फांदीने ढकलायचे. मनगटावर सैल पट्टा असलेले हातमोजे घालायचे नाहीत. आणि चढणाऱ्याचा दोर चिपरच्या आसपास पडू द्यायचा नाही. फांद्यांच्या गुंत्यातून तो यंत्रात ओढला गेला, तर त्याच दोरावर वर माणूस असतो. म्हणून फांद्या उचलण्याआधी दोर कुठे आहे ते पाहायचं, प्रत्येक वेळी.

साहित्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चेनसॉची पँट. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे ओढले जातात, चाकाभोवती गुंडाळतात आणि साखळी अडते. टाइप ए पँटमध्ये हे संरक्षण मुख्यतः पुढच्या बाजूला असतं, टाइप सीमध्ये पायाच्या चारही बाजूंनी. झाडावर शरीर कसंही वळलेलं असतं, म्हणून चढणाऱ्याला सी. करवतीने हे थर फाटले की ती पँट बाद. शिवून पुन्हा वापरायची नाही.

दोरावर आले तेव्हा आधी गाठी. प्रुसिक गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये मांडली. वजन पडलं की ती दोराला आवळते, वजन काढलं की सरकते. आता चढणारे यांत्रिक साधनं वापरतात, मीही वापरते, पण घर्षणाने माणूस कसा तोलला जातो हे हातांना गाठीतून कळतं. सुरुवातीचा सगळा सराव जमिनीपासून जेमतेम वर झाला.

मग करवत मिळेल असं वाटत असताना मिळाला तो बचावाचा सराव. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकलेल्या माणसाची प्रकृती झपाट्याने बिघडू शकते आणि करवतीची जखम असेल तर रक्तस्राव वाट पाहत नाही. म्हणून चढून दुसऱ्याला उतरवू शकेल असा माणूस आणि त्याचं वेगळं साहित्य खाली तयार असल्याशिवाय आमच्याकडे कुणी वर जात नाही. जखमीचा भार आपल्या दोरावर घेऊन त्याला खाली आणण्याचा तो सराव मी पुन्हा पुन्हा केला. स्वतःच्या वजनाची सवय झालेली असते. दुसऱ्याचं वजन जोडलं की तीच साधनं वेगळी वागतात.

झाड वाचणं मात्र अजून शिकतेच आहे. चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी. मुळाशी बुरशी आहे का, माती उचकटली आहे का, बेचक्यात साल दबली आहे का, वर वठलेली फांदी अडकून राहिली आहे का. लाकडी हातोड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का तेही पाहायचं. क्रेट्झमारिया नावाची बुरशी बुंध्याशी जळक्या कोळशासारखी काळी खपली धरते. वर पानं हिरवीगार असतात आणि खाली लाकूड ठिसूळ होऊन गेलेलं असतं. अशा झाडावर दोर टाकायचाच नाही, माणसाला उचलून धरणाऱ्या लिफ्टमधून बाहेरूनच काम करायचं. वीजवाहिनी जवळ असेल तर झटका बसायला तिला हात लावण्याचीही गरज नसते; ओली फांदी वीज वाहून नेते आणि उच्च दाबाची वीज हवेतल्या फटीतूनही झेप घेते. तिथे वाहिनी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरूच होत नाही.

झाडावरचा पहिला काप मी एका मध्यम फांदीवर घेतला. मुख्य दोर होताच, शिवाय पोलादी गाभ्याचा आखूड दोर खोडाभोवती. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं आणि करवत दोन्ही हातांनी धरायची. वरची हँडल असलेली छोटी करवत एका हाताने सहज उचलली जाते, आणि तिथेच मोह होतो. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला टेकला तर ती उसळून चेहऱ्याकडे येते. एका हाताने तो झटका आवरत नाही.

आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी साल सोलून न नेता तुटते. उरलेला खुंट शेवटच्या कापाने काढायचा, तो फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती बंदिस्त करतं आणि भोवती नवं लाकूड वाढवतं. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवलं. कडं कापलं तर जखम बंदिस्त करणारी भिंतच आपण मोडतो. वरून रंग फासून काही साधत नाही. बुटांचे काटेही फक्त पाडायच्या झाडावर, कारण प्रत्येक पावलाला ते सालीखालचा जिवंत थर भोसकतात.

वजनाचा अंदाज मला खालच्या कामाने दिला होता. बऱ्याच जातींचं ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. ५० सेंटीमीटर जाड, एक मीटर लांब ओंडका म्हणजे जवळपास २०० किलो. तो दोरावर सोडला आणि खालच्याने एकदम अडवला तर खोडाला, पर्यायाने चढणाऱ्याला, त्या वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. खालच्याने दोर थोडा वाहू देऊन हळूहळू धरायचा असतो. तो दोर मी इतके दिवस धरला होता, म्हणून वरून काय मागायचं ते मला माहीत होतं.

शेवटी हातांबद्दल, कारण याकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. करवतीच्या कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. गारठ्यात बोटं पांढरी पडू लागतात आणि ते पुढे पूर्ण बरं होईलच असं नाही. युरोपीय नियमांत आठ तासांच्या दिवसाला कंपनाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि निम्म्यावर, २.५ लाच, उपाय सुरू करायचे असतात. आम्ही वर-खाली पाळ्या बदलतो, साखळीला रोज कानस लावतो, कारण बोथट साखळीवर जोर द्यावा लागतो आणि थरथरही जास्त येते. बोटांना मुंग्या येऊन त्या काम संपल्यावरही जात नसतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि टोळीप्रमुखांना सांगा.