गोळ्याचे तोंड, काळी चकती आणि पांढरी चकती

टॉर्चचा एकूण प्रकाश (ल्युमेन) घरीच मोजता यावा म्हणून मी थर्माकोलचा पोकळ, आतून पांढरा गोळा (इंटिग्रेटिंग स्फिअर) बनवतो आहे: त्याच्या तोंडातून टॉर्चचा प्रकाश आत सोडायचा आणि आतल्या सेन्सरचे वाचन घ्यायचे. मागील नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की गोळ्याचे रंगकाम संपले असून आता फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे वाचने पडताळून जुळवणे, उरले आहे. ते वाक्य मी मागे घेतो. गेले तीन आठवडे मी त्या एका 'फक्त'मध्ये अडकून पडलो होतो आणि परवा रात्री त्यातून सुटलो तो आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणामुळे.

तुलनेसाठी मी दोनच टॉर्च पक्के केले आहेत. पहिला कॉन्वॉय कंपनीचा एस२ प्लस, ज्यात ५१९ए एमिटर (एलईडी) आणि प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या चार ७१३५ चिपांचा ड्रायव्हर आहे. सेल पुरेसा भरलेला असेपर्यंत तो १.४ अँपिअर प्रवाह निमूटपणे देत राहतो. टर्बो (थोड्या वेळापुरता जास्तीचा प्रकाश) नाही, स्टेपडाउन (आपोआप मंद होणे) नाही, कसली चलाखी नाही. संदर्भासाठी याहून स्वस्त आणि याहून शहाणी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. दुसरा त्याच घरचा सी८ प्लस, म्हणजे आपला नेहमीचा थ्रोअर, लांबवर अरुंद झोत टाकणारा टॉर्च. एकाचे डोके सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे, तर दुसऱ्याचे सुमारे ४५. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

गोळ्यावर विश्वास टाकण्याआधी या दोघांच्या एकूण प्रकाशाचे गुणोत्तर स्वतंत्र पद्धतीने काढावे म्हणून मी दोन रात्री गच्चीवर घालवल्या. केक सजवण्याचे फिरते टेबल, त्यावर कंपासपेटीतल्या कोनमापकाची मोठी करून चिकटवलेली छायाप्रत आणि तीन मीटरवर तिपाईला बांधलेला लक्स मीटर, एवढीच सामग्री होती. पहिल्या दहा अंशांपर्यंत दर अंशाला आणि पुढे दर पाच अंशांना वाचन घेतले. प्रत्येक वाचनाला अंतराच्या वर्गाने, म्हणजे नऊने गुणून कँडेला (त्या दिशेतली प्रकाशाची तीव्रता) मिळवले, त्याला कोनाच्या साइनने आणि त्या टप्प्याच्या रुंदीने गुणले आणि शेवटी सगळ्याची बेरीज केली. सी८ चा हॉटस्पॉट (झोताचा मधला प्रखर ठिपका) भिंतीवर डोळे दिपवतो खरा, परंतु एका अंशावरचे कडे इतके चिमुकले असते की ल्युमेनच्या बेरजेत त्याचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो आणि भोवती सांडणाऱ्या ज्या फिकट प्रकाशाकडे, म्हणजे स्पिलकडे, आपण पाहतही नाही ती मोठा हिस्सा घेऊन जाते. हे पुस्तकातून माहीत असणे वेगळे आणि डास मारत मारत कागदावर उतरवणे वेगळे. प्रत्येक टॉर्च लावल्यानंतर एएनएसआय एफएल१ या टॉर्च मोजण्याच्या अमेरिकी मानकात सांगितल्याप्रमाणे ३० सेकंद थांबूनच वाचनांना सुरुवात केली. सी८ आणि एस२ यांचे गुणोत्तर १.६१ आले, दुसऱ्या रात्रीही तेच.

गोळ्यात मात्र ते १.६८ येत होते. चार टक्क्यांचा फरक डोळ्यांना कधीच कळणार नाही, हे मान्य आहे. पण डोळ्यांवर भागले असते तर मी गोळा कशाला बनवला असता?

पहिला संशय अर्थातच तोंडावर गेला. गोळ्याचे तोंड ६० मिलिमीटरचे आणि त्यात एस२ चे डोके ठेवले की रांजणात रवी उभी केल्यासारखे चहूकडे मोकळे राहते. खोलीतला उजेड आत येत होता, हेही दिसत होते. म्हणून काळ्या ईव्हीए फोमच्या शीटमधून दोन्ही टॉर्चसाठी घट्ट बसणाऱ्या चकत्या कापल्या. टॉर्च बंद ठेवून पाहिले तर वाचन शून्यावर आले, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की चहा करून घेतला. चहानंतर मोजले तर एस२ चे १४,२०० आणि सी८ चे २३,८६० लक्स. म्हणजे पुन्हा १.६८, जागचे हलायला तयार नाही.

पुढचे पंधरा दिवस घोडे नेमके कोठे पेंड खाते आहे, ते शोधण्यात गेले. बीएच१७५०, म्हणजे गोळ्यातला प्रकाश-सेन्सर, मोठ्या आकड्यांना सरळ रेषेत वागत नसेल, असे वाटले. त्याने मला आधी एकदा फसवलेही होते: प्रकाश कमी करण्यासाठी सेन्सरवर टेफ्लॉन टेपचे पदर चढवण्यापूर्वी सी८ चे वाचन दर वेळी ५४,६१२ येई आणि त्या स्थैर्याचे मला कौतुक वाटे, जोवर ध्यानात आले नाही की ६५,५३५ भागिले १.२ म्हणजेच हा आकडा, आणि सेन्सर केव्हाच काठोकाठ भरलेला आहे. या वेळी एकाच चकतीत दोन कीचेन टॉर्च शेजारी शेजारी बसवले आणि आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही लावून पाहिले. दोघांची बेरीज आणि एकत्रित वाचन एका टक्क्याच्या आत जुळले. सेन्सर निर्दोष सुटला. मग थेट प्रकाश अडवणारा सेन्सरपुढचा आडोसा रुंद केला, त्यात एक अख्खा रविवार गेला आणि गुणोत्तरात काडीचाही फरक पडला नाही. आतला रंग पुन्हा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. घासताना आडोशाचा एक कोपरा उखडला, तो फेविकॉल लावून रात्रभर दाबून ठेवला. (सॉल्व्हेंटवाल्या स्प्रेने पहिल्या अर्धगोलाची चाळणी झाल्यापासून मी पाण्यात मिसळणाऱ्या वस्तूंखेरीज थर्माकोलजवळ काहीही नेत नाही.)

परवा एस२ ची काळी चकती फाटली. फोम संपला होता, म्हणून आइस्क्रीमच्या डब्याचे पांढरे झाकण कापून तात्पुरती चकती केली. वाचन १७,१८०. मी सेल बदलला, पुन्हा मोजले, पुन्हा तेच. टॉर्च तोच, सेन्सर तोच, गोळा तोच आणि केवळ अडीच इंची तोंडावरची चकती काळ्याची पांढरी झाल्याने प्रकाश २१ टक्क्यांनी वाढला!

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि जे करायला हवे होते ते पहिल्यांदा केले. ब्रिटिश शास्त्रज्ञ सम्पनरने १८९२ मध्ये मांडलेले आणि जर्मन अभियंता उलब्रिख्टने १९०० च्या सुमारास प्रत्यक्ष उपकरणात उतरवलेले तत्त्व असे की, प्रकाश गोळ्यात पुन्हा पुन्हा आपटत राहतो आणि आतला उजेड किती पट होईल, हे भिंतीने प्रत्येक फेरीत किती गिळले यावर ठरते. माझ्या गोळ्याचा आतला व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे आतला पृष्ठभाग सुमारे १,९६३ चौरस सेंटिमीटर. तोंडाचे क्षेत्रफळ २८, म्हणजे जेमतेम दीड टक्का. भिंत ९५ टक्के प्रकाश परतवते असे धरले, तर पूर्ण बंद गोळ्यात उजेड १९ पट होतो. पण तो दीड टक्का काळा झाला की उजेड १५ पटींच्या खाली उतरतो. भोक आणि काळी चकती यांत प्रकाशाच्या लेखी काहीच भेद नाही. बाहेर निघून जा किंवा फोममध्ये मुरून जा, परत येणे नाही. मी खोलीचा उजेड बंद केला होता, गळती नव्हे.

आणि यातली खरी चपराक पुढे आहे. हाच हिशेब ९० टक्के परतवणाऱ्या साध्या डिस्टेंपरसाठी केला तर ९ पटींचे ८ पट होते, म्हणजे घट ११ टक्के. माझ्या रंगात ती २१ टक्क्यांहून अधिक आहे. ज्या बेरियम सल्फेटसाठी (आतल्या रंगातल्या पांढऱ्या भुकटीसाठी) मी दोन महिने वाट पाहिली, ज्याचे चार हात देताना श्वास रोखून धरला, त्याच रंगाने तोंडाशी काय ठेवले आहे याबाबत गोळ्याला दुपटीने हळवे करून ठेवले. पाइपचे साधे ल्युमेन-ट्यूब वापरणारे मित्र ज्या चुकीबद्दल कधीच तक्रार करत नाहीत, ती मी मेहनतीने कमावली होती.

असो. लगेच सी८ साठीही झाकणाची चकती कापली आणि मोजले: २६,३८०. गुणोत्तर १.५४. म्हणजे आधी सात शतांशांनी वर होते, ते आता तेवढेच खाली गेले. क्षणभर सगळे उचलून माळ्यावर टाकावेसे वाटले, पण कारण उघड होते. काळ्या चकतीत सी८ चे मोठे, चकचकीत रिफ्लेक्टरचे डोके भोवतालच्या काळ्यापेक्षा उजळ ठरते, म्हणून गोळा त्याला झुकते माप देतो. पांढऱ्या चकतीत तेच डोके भोवतालच्या पांढऱ्यापेक्षा काळपट ठरते, म्हणून माप उलटे झुकते. प्रत्येक टॉर्च आपल्या चेहऱ्याने गोळाच बदलून टाकतो, मग चकती कोणत्याही रंगाची असो.

यावरचा उपाय प्रयोगशाळांत जुना आहे आणि मी तो आळसापोटी टाळत होतो. गोळ्याच्या आत एक लहान दिवा कायमचा बसवायचा. मी त्याला साक्षीदार दिवा म्हणतो. टॉर्च बंद अवस्थेत जागेवर ठेवायचा, साक्षीदार लावून वाचन घ्यायचे, मग साक्षीदार विझवून टॉर्च मोजायचा. साक्षीदाराचा प्रकाश तर बदललेला नाही. तेव्हा त्याच्या वाचनात जो फरक पडला, तो टॉर्चच्या डोक्याने गोळ्यात केलेला फरक, आणि त्याच प्रमाणात टॉर्चचे वाचन भागायचे. एक वॅटची एलईडी, तिला सेन्सरकडे थेट पाहू न देणारा छोटा आडोसा, आणि प्रवाह स्थिर राहावा म्हणून एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला ३.९ ओहमचा रेझिस्टर, १.२५ भागिले ३.९, म्हणजे ३२० मिलिअँपिअर. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सामान मूठभर पैशांत मिळाले आणि दुकानदाराने "एक वॅटचाच रेझिस्टर घ्या, पाव वॅटचा तापेल" असे न विचारता सांगितले. ऑनलाइन घेतलेल्या तीन 'एकसारख्या' सेन्सर मॉड्यूलांपैकी दोन आपसांत दहा टक्क्यांनी भांडत असताना असा माणूस समोर असण्याची किंमत कळते. दिव्याला दहा मिनिटे तापू द्यावे लागते, त्याआधीचे वाचन हळूहळू घसरत असते.

पांढऱ्या चकतीत साक्षीदाराचे वाचन एस२ बरोबर ४,३१० आणि सी८ बरोबर ४,१२५ आले. काळ्या चकतीत (फाटलेली टेपने जोडली) अनुक्रमे ३,५६० आणि ३,७३३. भागाकार केले: पांढऱ्याचे १.६०, काळ्याचे १.६०. गच्चीवरचे १.६१. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि घरात सांगण्यासारखे जागे कोणी नव्हते, म्हणून पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजले, केवळ ते आकडे पुन्हा पाहण्यासाठी.

आता पुढचे. प्रत्येक टॉर्चसाठी वेगळी पांढरी चकती कापण्याचा बेत होता, तो रद्द. चकती कोणतीही चालते, साक्षीदार सांभाळून घेतो. त्याऐवजी आर्डुइनोकडूनच (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडून) क्रम चालवावा असा विचार आहे: साक्षीदार लावणे, वाचन, विझवणे, मग टॉर्च लावण्याची खूण म्हणून बझर आणि ३० सेकंदांनी दुसरे वाचन. हे लिहिता लिहिता असेही सुचते आहे की माझ्याकडचा एक टॉर्च सोडल्यास सगळ्यांची डोकी ५० मिलिमीटरच्या आत आहेत, तेव्हा तोंडच ५० चे करून टाकावे. क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी कमी होईल आणि साक्षीदाराला तेवढेच कमी काम उरेल.

पण मुळात गोळाच मोठा असता तर? हा थर्माकोलचा गोळा २०१८ च्या बंदीआधी मखरासाठी आणलेल्या आणि माळ्यावर विसरलेल्या अर्धगोलांचा आहे, तसा दुसरा मिळणार नाही. ६५ सेंटिमीटरच्या जिम बॉलवर कागदाच्या लगद्याचे थर देऊन, वाळल्यावर बॉलमधली हवा सोडायची. आतला पृष्ठभाग तेरा हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जाईल, आजचे ६० चे तोंड त्यात ०.२ टक्के भरेल, काळ्या-पांढऱ्यातला फरक २१ वरून चार टक्क्यांवर येईल आणि सेन्सरवरचे टेफ्लॉनचे पदरही बहुधा काढता येतील. बॉल घरात आहेच. ज्यांचा तो आहे, त्यांना अजून विचारलेले नाही. वर्तमानपत्रांची रद्दी मात्र कालपासून विकणे बंद केले आहे.