बँकॉकमध्ये पनीर किती खाणार?

मराठी माणूस परदेशात उतरला की पहिल्या रात्रीच पोळी-भाजीसाठी व्याकूळ होतो, असा ग्रुप टूरवाल्यांचा ठाम समज आहे. ग्रँड पॅलेस, वाट अरुण, पट्टाया सगळं झालं, पण रात्री बस थांबायची ती भारतीय हॉटेलसमोरच. तेच पनीर, तीच पिवळी डाळ. "बाहेरचं खाऊ नका, पोट बिघडेल," हे टूर मॅनेजरचं पालुपद. माझं पोट त्या पनीरवरच्या तेलानेच बिघडलं होतं, पण ते असो.

एका मोकळ्या संध्याकाळी मी आणि वहिनी सटकलो. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, तू स्वतः कुठे जेवतेस? तिने मागच्या गल्लीतली ईसान खाणावळ दाखवली. ईसान म्हणजे लाओसला लागून असलेला थायलंडचा ईशान्य भाग. तिथून पोटासाठी बँकॉकला आलेली माणसं टॅक्सी चालवतात, बांधकामावर राबतात, आणि जेवायला अशा ठिकाणी येतात. पत्र्याची टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, मेन्यूवर एक अक्षर इंग्रजी नाही.

दारातच एक बाई सोमताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करत होती. खल मातीचा, बत्ता लाकडी. त्यामुळे कच्च्या पपईचा कीस नुसता चेचला जातो, त्याचा लगदा होत नाही. एका हाताने बत्ता, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर. लसूण, मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, ताडगूळ, लिंबू, फिश सॉस. आमच्याकडे बघून तिने एक बोट वर केलं, म्हणजे मिरची एकच ना? वहिनीने तीन बोटं दाखवली. बाई हसली आणि तीन टाकल्या. मिरची तशी ना त्यांची ना आपली. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1511 मध्ये ते थायलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयाला पोहोचले, आणि अमेरिकेतली ही मिरची त्यांच्याच व्यापारातून दोन्हीकडे रुजली.

पहिल्या घासाला वहिनी ओरडलीच, "अगं, यात सोडे आहेत!" वेंगुर्ल्याची ती, तिला कोण फसवणार! सोबत बांबूच्या टोपलीत चिकट भात. तो हातानेच खायचा, गोळा करून सोमतामच्या रसात बुडवायचा. काटे-चमच्यांच्या बुफेनंतर बरं वाटलं. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीही होती, आणि तिखट उतरवायला कच्चा कोबी.

शेजारच्या टेबलावर काळपट रसातलं सोमताम आलं. त्यात पला रा, म्हणजे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात मुरवलेली मासळी. वास गल्लीभर. वहिनीने बोट दाखवून तेच मागवलं. मला नाही जमलं, दोन घासांत मी कोंबडीकडे वळले. तिने मात्र ताट पुसून खाल्लं आणि टॅक्सीत बसल्या बसल्या विचारलं, उद्याचं शॉपिंग बुडवून परत इथेच आलो तर दादा किती चिडेल?